‘गुरु’मधले शेवटचे भाषण : महत्त्वाकांक्षेचा बचाव ग्राह्य धरावा का?

सह्यवाट

मणिरत्नम यांचा ‘गुरु’ 12 जानेवारी 2007 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही सात-आठ मित्रांनी पुण्यातल्या एका जुन्या चित्रगृहात तो पाहिला. शेवटी अभिषेक बच्चनचा गुरुकांत देसाई चौकशी आयोगापुढे उभा राहतो, मिळालेल्या पाच मिनिटांत आपली बाजू मांडतो आणि वाचलेले तीस सेकंद हा आपला नफा असल्याचे सांगून खाली बसतो. त्या क्षणी आमच्या अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि त्यांत माझ्याही टाळ्या होत्या. गेल्या आठवड्यात हाच चित्रपट अकरा वर्षांच्या मुलीबरोबर घरी पुन्हा पाहिला. भाषण संपल्यावर तिने विचारले, “पण बाबा, त्याने ते सगळं केलं होतं ना?” मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा चर्चेचा धागा काढत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. गुजरातमधल्या इडर गावच्या मुख्याध्यापकांचा मुलगा गुरुकांत पन्नासच्या दशकात तुर्कस्तानात जातो. तिथे तेल कंपनीत बढती समोर आलेली असताना तो नोकरी सोडतो, कारण राबायचेच असेल तर गोऱ्या साहेबासाठी का, स्वतःसाठी का नाही, असा प्रश्न त्याला पडतो. गावी परतून तो मित्राच्या बहिणीशी, म्हणजे सुजाताशी लग्न करतो आणि हुंड्याचे पैसे भांडवल म्हणून घेऊन मुंबईच्या कापडबाजारात उतरतो. कापडावरून तो पॉलिएस्टरकडे जातो, ‘शक्ती’ नावाची मोठी कंपनी उभी करतो आणि सामान्य माणसांना तिचे भागधारक करतो. ‘स्वतंत्र’ या वृत्तपत्राचे मालक माणिकदास गुप्ता त्याला आधी मुलासारखे मानतात, आणि पुढे त्याच्या गैरव्यवहारांचा पाठपुरावा करणारेही तेच असतात. चित्रपटाने खरे नाव कोणाचेही घेतलेले नाही. तरीही चोरवाडहून एडनला गेलेले, 1958 मध्ये परतून मशीद बंदरला व्यापार सुरू करणारे आणि 1966 मध्ये नरोड्याला कापड गिरणी काढणारे धीरूभाई अंबानी बहुतेक प्रेक्षकांना आठवले. मला त्या खऱ्या माणसाचा निवाडा करायचा नाही. मी बोलतो आहे ते पडद्यावरच्या गुरुकांतबद्दल.

माझा आक्षेप असा आहे. यंत्रांचे सुटे भाग चोरून आणणे, कर चुकवणे, शेअरच्या किमतींत हात घालणे हे सारे गुरुकांतने केले आहे, हे चित्रपट लपवत नाही. मग भाषणात तो म्हणतो की त्याच्यासाठी प्रत्येक दार सरकारी होते आणि ते लाच, सलाम किंवा लाथ यांखेरीज उघडत नव्हते. इथवर मी त्याच्याबरोबर आहे. पण त्यापुढे तो परकीयांच्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या गांधीजींची आठवण काढतो आणि स्वतःला त्यांच्या रांगेत बसवतो, तिथे माझे पाऊल अडते. गांधीजींनी कायदा मोडला हे खरे. पण 1917 मध्ये मोतीहारीच्या न्यायालयात त्यांनी जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम आपण मोडल्याचे स्वतः मान्य केले. 18 मार्च 1922 रोजी अहमदाबादेत राजद्रोहाच्या खटल्यातही त्यांनी आरोप कबूल केला, न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्याकडे कडक शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची कैद स्वीकारली. सविनय कायदेभंगाचा सगळा अर्थ त्या शिक्षा मागण्यात आहे. गुरुकांत मात्र आयुष्यभर केलेले झाकून ठेवतो आणि पकडला गेल्यावर त्याला तत्त्वाचे नाव देतो. प्रेक्षकाला या दोहोंतला फरक दिसू नये अशा ताकदीने दिग्दर्शकाने तो प्रसंग रचला आहे, आणि मला खंत वाटते ती याचीच.

ताळेबंद

सह्यवाट, आपण मुद्दा नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही तपशिलाने देतो. मी सनदी लेखापाल म्हणून चाळीस वर्षे काम केले, त्यांपैकी पहिली बारा मुंबईच्या कापडबाजाराच्या परिसरात. आज आपण ज्याला सरसकट गैरव्यवहार म्हणतो तो त्या काळात कशाचा बनलेला होता, हे तरुण वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

1951 च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने कारखाना काढण्यासाठी, वाढवण्यासाठी, हलवण्यासाठी आणि त्यात नवी वस्तू बनवण्यासाठी परवाना सक्तीचा केला. परवान्यावर उत्पादनाची क्षमता लिहिलेली असे, आणि मागणी कितीही असली तरी मालकाने त्या आकड्यापाशी थांबावे अशी अपेक्षा असे. 1969 मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला आणि मोठ्या उद्योगाला विस्तारासाठी आणखी एक दार ठोठवावे लागले. 1973 मध्ये परकीय चलनाचा ‘फेरा’ कायदा आला. त्याच सुमारास व्यक्तिगत प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह 97.75 टक्के होता; म्हणजे त्या टप्प्यावरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती उरत. कंपनीने भांडवल किती उभारावे आणि शेअर किती अधिमूल्याने विकावा हेही दिल्लीतले भांडवल नियंत्रक ठरवत, आणि ते पद 1992 पर्यंत होते.

आता कापडबाजाराचे पाहू. कृत्रिम धागा आयात करायचा तर परवाना लागे, आणि तो बहुतेक वेळा निर्यातीच्या बदल्यात मिळे. बाजारात त्याला ‘रेप लायसन्स’ म्हणत. ज्याने कापड बाहेर पाठवले त्याला ठरावीक मूल्याचा धागा किंवा कच्चा माल आणण्याचा हक्क मिळे, आणि देशात त्या मालाचा भाव आयातीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे त्या कागदालाच ‘ऑन’, म्हणजे वरचा भाव चढे. काही व्यापारी कापड तोट्यात निर्यात करत आणि कागदावर कमावत. हा व्यवहार गुरुकांतसारख्यांनी शोधून काढलेला नव्हता. तो सरकारी परिपत्रकांतून जन्मला होता, आणि ज्याने परिपत्रक सर्वांत आधी नीट वाचले तो पुढे गेला.

एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या अशिलाचा रंगकामाला लागणाऱ्या रसायनांचा छोटा कारखाना होता. मालक कोकणस्थ, अत्यंत सचोटीचे; पेढीवर चहा घेतला तरी खर्चाच्या वहीत ‘स्वतः’ असे लिहून पैसे वेगळे ठेवणारे. त्यांना तेच उत्पादन दुपटीने करायचे होते. अर्जासोबत जोडायच्या प्रती मी स्वतः कार्बन घालून टंकलिहून घेतल्या होत्या. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना त्या फायलीवर पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या चढत गेल्या, प्रत्येक चिठ्ठीत आधीच दिलेली माहिती पुन्हा मागितलेली असे, आणि तिसऱ्या वर्षी परवानगी आली तोवर त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांनी दुसरीकडे व्यवहार जमवले होते. त्यांनी एक पैसा कोणाला दिला नाही. कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रे भंगाराच्या भावाने गेली आणि एकवीस माणसे घरी बसली. तो मालक कोणत्याच चित्रपटाचा नायक होणार नाही. गुरुकांतचे भाषण ऐकताना मला तेच आठवले आणि माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

24 जुलै 1991 रोजी नव्या औद्योगिक धोरणाने मोजके उद्योग वगळता परवाना पद्धत रद्द केली. काल जो गुन्हा होता तो त्या दिवसानंतर सर्रास व्यवसाय ठरला. कायदाच जर चाळीस वर्षांनी आपली चूक मान्य करत असेल, तर तो मोडणाऱ्याकडे पाहताना थोडी उदारता हवी, असे माझे मत आहे.

गिरणगावची लेक

ताळेबंद काका, तुमच्या अशिलाची हकिकत मनाला लागली. ती एकवीस माणसे तुम्हाला आठवली, म्हणूनच माझे म्हणणे तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

माझे वडील लालबागजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई स्टो पेटवायची. संध्याकाळी वडील घरी आले की कानांच्या पाळ्यांवर, भुवयांवर आणि शर्टाच्या कॉलरच्या आत कापसाचे पांढरे तूस असे, आणि धाकटा भाऊ ते फुंकर घालून उडवत असे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. तो रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. संपकाळात वडील भिवंडीला यंत्रमागावर जाऊ लागले, तिथे बारा तासांची पाळी होती, आणि येताना त्यांच्या अंगावर तूस नसे, कारण त्या मागांवर सूत पॉलिएस्टरचे होते. भावाने एकदा सवयीने त्यांच्या कानाशी फुंकर घातली आणि काहीच उडाले नाही. वडील त्यावर काही बोलले नाहीत, हे मला अजून दिसते.

संप पॉलिएस्टरमुळे झाला असे मी म्हणत नाही. कारणे पुष्कळ होती. मालकांनी गिरण्यांत वर्षानुवर्षे पैसा घातला नव्हता, बदली कामगारांचे हाल होते, आणि 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे कामगारांना आपला प्रतिनिधीसुद्धा निवडता येत नव्हता. पण मुंबईच्या कापडधंद्यावर बेतलेला, त्याच दशकांवरून चालत जाणारा, पॉलिएस्टरच्या उदयाची कथा सांगणारा अडीच तासांहून मोठा चित्रपट मी पाहते आणि त्याच्या मुख्य पात्रांत एकही कामगार नाही. मालक आहे, मालकाची पत्नी आहे, मेहुणा आहे, संपादक आहे, वार्ताहर आहे, न्यायाधीश आहेत, भागधारकांचा समुदाय आहे. यंत्र चालवणारा हात मात्र कोणाचाच नाही. गुरुकांत आयोगाला सांगतो की मी धंदा केला म्हणून लोकांचे भले झाले. त्या लोकांत माझे वडील मोजले आहेत का, हे मला विचारायचे आहे.

सह्यवाट यांचा गांधीजींचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि त्यात एक भर घालते. ज्या अहमदाबादेत 1922 चा खटला चालला, त्याच अहमदाबादेत 1918 मध्ये गांधीजी गिरणी कामगारांसाठी 35 टक्के वाढ मागत उपोषणाला बसले होते. समोरचे मालक अंबालाल साराभाई त्यांचे स्नेही होते आणि अंबालाल यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या. गुजरातच्या व्यापारी परंपरेतला हा प्रसंग गुरुकांतला माहीत असायला हवा होता.

साचेवाला

मी भिवंडीत माग चालवतो. वडिलांनी चार मागांपासून सुरुवात केली, आज चोवीस आहेत. ताई, तुमच्या वडिलांसारखे अनेक संपकरी आमच्याकडे आले होते. वडील सांगत की त्यांच्याइतका तुटलेला ताणा झटपट सांधणारा कारागीर पुन्हा मिळाला नाही. त्यांना मिळणारी मजुरी गिरणीच्या तुलनेत कमी होती, हेही खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

पण पॉलिएस्टरवर राग धरू नका, एवढी विनंती आहे. सरकार त्याला चैनीची वस्तू समजून जबर कर लावत असे, कापूसच गरिबाचे कापड असे गृहीत धरले जाई, आणि 1985 च्या वस्त्र धोरणाने हा दृष्टिकोन बदलू लागला. वस्तुस्थिती अशी होती की गरीब घरातल्या बाईला सुती लुगडे परवडत नव्हते, कारण ते लवकर विरायचे, धुवायला पाणी जास्त लागायचे आणि पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नसे. चाळीच्या गॅलरीत रात्री टाकलेली पॉलिएस्टरची साडी सकाळी नेसता येते. आमच्या मागांवरचे कापड कोणी घेतले असेल तर याच बायकांनी. गुरुकांतने ही गरज ओळखली, आणि मला वाटते त्याचे खरे कर्तृत्व तेच आहे. चित्रपटाने ते गाण्यांच्या आणि भाषणांच्या घाईत पुरेसे दाखवले नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. सूत बनवणारे मोजके आणि घेणारे आम्ही हजारो, त्यामुळे भाव वर गेला की आमचा माल पडून राहतो आणि खाली आला की आधी भरून ठेवलेल्या सुतावर तोटा होतो. जो माणूस सुरुवातीला बाजारातल्या काँट्रॅक्टर नावाच्या बड्या व्यापाऱ्याच्या मक्तेदारीशी लढतो, तोच मोठा झाल्यावर छोट्यांशी कसा वागला, हे चित्रपटाने दाखवायला हवे होते. ती त्याच्या चारित्र्याची खरी कसोटी ठरली असती.

गिरणगावची लेक

साचेवाला दादा, तुमचे म्हणणे मान्य करते. आईने घेतलेली पहिली पॉलिएस्टरची साडी जांभळ्या फुलांची होती आणि ती तिने चौदा वर्षे वापरली. राग साडीवर नाही.

रेवती

चर्चा मालक, कामगार आणि कायदा यांभोवती फिरते आहे. त्यात सुजाता राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

गुरुकांतच्या उद्योगाचे पहिले भांडवल कोणत्याही बँकेचे किंवा सावकाराचे नाही, ते हुंड्याचे आहे. 1961 मध्ये हुंडा प्रतिबंधक कायदा झाला, आणि हे लग्न त्याआधीचे आहे, त्यामुळे कायद्याच्या भाषेत त्याने येथे काहीच मोडलेले नाही. तरीही मला संपूर्ण चित्रपटातला सर्वांत मोठा अपराध हाच वाटतो, कारण तो एका विश्वास टाकलेल्या माणसाविरुद्ध झालेला आहे. पैशासाठी आपल्याशी लग्न झाले हे कळल्यावर सुजाता माहेरी निघून जाते, आणि तो तिला आणायला जातो. ऐश्वर्या राय यांनी तो अपमान फार संयमाने दाखवला आहे. पण त्यानंतर दिग्दर्शक तो प्रश्न कायमचा मिटवून टाकतो. पुढे नवरा पक्षाघाताने बोलू शकत नसताना आयोगापुढे सुजाताच त्याच्या वतीने बोलते, आणि आपण तिच्या निष्ठेने भारावून जातो. तिच्या भावाचा, जो धंद्यातला पहिला भागीदार होता, हात मध्येच सुटतो, आणि त्याचेही दुःख चित्रपट फार वेळ धरून ठेवत नाही.

ताळेबंद म्हणतात की वाईट कायदा मोडणाऱ्याकडे उदारतेने पाहावे. मला विचारायचे आहे की जो माणूस घरातल्या माणसाला भांडवल समजून सुरुवात करतो, त्याने पुढे सरकारला, बाजाराला आणि भागधारकाला तसेच मानले तर नवल काय? 1961 च्या आधी हुंडा कायद्याने गुन्हा नव्हता आणि 1991 च्या नंतर जादा उत्पादन गुन्हा राहिले नाही. कायद्याच्या तारखा पुढेमागे होत राहतात. माणसाने माणसाशी केलेला व्यवहार तारखेवर अवलंबून नसतो.

जुने कात्रण

मी एका मराठी दैनिकात तीस वर्षे उपसंपादक होतो, म्हणून फक्त माणिकदासांविषयी लिहितो. मिथुन चक्रवर्ती यांनी उभा केलेला हा वृद्ध संपादक हे या चित्रपटाचे सर्वांत श्रेष्ठ पात्र आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. 1986 मध्ये रामनाथ गोएंकांच्या ‘इंडियन एक्सप्रेस’ने धीरूभाईंच्या उद्योगसमूहाविरुद्ध लेखमाला चालवली होती, त्यामुळे प्रेक्षकांना येथेही खरी माणसे आठवली. पण चित्रपटाने त्या संघर्षात स्वतःची एक गोष्ट घातली आहे आणि ती मोलाची आहे. माणिकदासांचे गुरुकांतवर प्रेम आहे आणि ते शेवटपर्यंत कमी होत नाही. त्यांची आजारी नात मीनू, जी विद्या बालन यांनी साकारली आहे, गुरुकांतची लाडकी आहे, आणि तिच्याशी लग्न करणारा श्याम हाच त्याच्याविरुद्ध बातम्या काढणारा वार्ताहर आहे. एका घरातल्या जेवणाच्या ताटावर बसणारी माणसे दुसऱ्या दिवशी छापील शब्दांनी एकमेकांसमोर उभी राहतात आणि तरीही नाते तोडत नाहीत.

आमच्या वृत्तपत्रात असे प्रसंग मी पाहिले आहेत. ज्यांच्या घरी लग्नाला जाऊन आलो त्यांच्या कारखान्याविषयीची बातमी रात्री अकरा वाजता पानावर लावताना हात जड होतो. सह्यवाट म्हणतात की दिग्दर्शकाने शेवटी गुरुकांतला जिंकवले. मला तसे वाटत नाही. माणिकदासांसारख्या माणसाला विरोधात उभे करून, आणि त्याला एकदाही क्षुद्र न दाखवता, दिग्दर्शकाने प्रेक्षकापुढे दुसरे पारडे ठेवले आहे. ते आपण पाहिले नाही तर दोष आपल्या टाळ्यांचा आहे.

सह्यवाट

सर्वांचे मनापासून आभार. जुने कात्रण, आपला मुद्दा मी मान्य करतो. त्या दिवशी चित्रगृहात मी माणिकदासांसाठी टाळी वाजवली नव्हती.

ताळेबंद, आपले लिखाण मी दोनदा वाचले आणि त्यातून माझाच विचार अधिक स्पष्ट झाला. मघाशी मी गुरुकांतचे सर्व गुन्हे एका ओळीत लिहिले, चित्रपटही त्यांना एकाच टोपलीत टाकतो, आणि आपणही बचाव करताना तेच केलेत. ते वेगळे करून पाहायला हवेत. परवान्यात लिहिल्यापेक्षा जास्त सूत काढणे याने कोणाचे नुकसान झाले? ग्राहकाला माल मिळाला, कामगाराला काम मिळाले, फक्त एका फायलीचा अपमान झाला. येथे मी आपल्याबरोबर आहे. जकात चुकवणे हे वेगळे आहे, कारण त्याच धंद्यातला जो व्यापारी ती भरतो तो आपल्या प्रामाणिकपणामुळे मार खातो. आपले ते रसायनवाले अशील अशाच कोणाच्या तरी स्पर्धेत बुडाले नसतील असे कसे म्हणावे? आणि शेअरच्या किमतींत हात घालणे हे त्याहून वेगळे आहे, कारण त्यात थेट तोच भागधारक फसतो जो शेवटच्या सभेत मैदानात बसून टाळ्या वाजवतो आहे. त्याविरुद्धचा कायदा 1991 नंतर रद्द झालेला नाही. उलट 1992 मध्ये सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेला, वैधानिक अधिकार मिळाले ते याचसाठी. गुरुकांत भाषणात पहिल्या प्रकारच्या गुन्ह्याचा बचाव करतो आणि सुटका मात्र तिन्ही प्रकारांची मागतो. पुन्हा पाहताना मला हे स्पष्ट दिसले.

ताळेबंद

सह्यवाट, ही फोड मला मान्य आहे, आणि ती मी आधी करायला हवी होती. सनदी लेखापालाने तीन खाती एकत्र मांडू नयेत.

तरीही भागधारकांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. 1977 मध्ये रिलायन्सने जनतेकडून भांडवल मागितले आणि सुमारे 58,000 गुंतवणूकदार पुढे आले. त्याआधी शेअर ही दलाल स्ट्रीटवरच्या काही घराण्यांची आणि मुंबई-कलकत्त्याच्या श्रीमंतांची बाब होती. पुढच्या दहा वर्षांत माझ्याकडे विवरणपत्र भरून घ्यायला शिक्षक, पोस्टमन, नर्स आणि पेन्शनर येऊ लागले, आणि त्यांच्या पिशवीत पासबुकाबरोबर शेअर प्रमाणपत्रे असत. दादरच्या एका निवृत्त शिक्षिका ती प्रमाणपत्रे जरीच्या शालूच्या घडीत ठेवत. लाभांशाचा धनादेश आला की त्या तो घेऊन आधी माझ्याकडे येत आणि मग बँकेत जात. रक्कम लहान असे, पण आपण एका कारखान्याच्या मालक आहोत ही जाणीव त्यांच्या चेहऱ्यावर मोठी असे. वार्षिक सभा मैदानांत भरू लागल्या त्या या माणसांमुळे. चित्रपटाच्या शेवटी क्रीडांगणात गुरुकांत ज्या जनसमुदायाला पुढचे स्वप्न विचारतो, त्यात मला त्या बाई दिसतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचवणारा माणूस माझ्या दृष्टीने मोठा आहे, आणि किमतीत हात घालून त्याने त्यांनाच फसवले असेल तर तो अपराध इतरांहून मोठा आहे. दोन्ही वाक्ये मी एकाच वेळी खरी मानतो.

आपल्या मुलीला मी असतो तर असे उत्तर दिले असते : हो, त्याने ते केले होते, त्यातले काही मीही केले असते, आणि काहीसाठी मी त्याच्या हिशेबावर सही केली नसती.

गिरणगावची लेक

काका, त्या शिक्षिकाबाईंसारखीच एक गोष्ट आमच्या घरात आहे. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आल्यावर त्यांतून काही शेअर घेतले होते. कोणत्या कंपनीचे ते येथे लिहीत नाही. ती सूत बनवणारी होती, एवढे सांगते. मी रागावून विचारले होते की तुम्ही या लोकांना पैसे देता? तेव्हा त्यांनी कॉटखालची लोखंडी पेटी ओढून ते प्रमाणपत्र काढले आणि आपल्या नावावर बोट ठेवले. तीस वर्षे गिरणीत काम करून त्यांचे नाव फक्त हजेरीच्या पत्रकावर आणि पगाराच्या पाकिटावर लिहिले गेले होते. येथे ते पूर्ण छापलेले होते, मधल्या नावासह, आडनावासह.

मी त्यांचे ते बोट विसरलेले नाही, आणि तरीही चित्रपटात एक कामगार हवा होता, या म्हणण्यावर मी ठाम आहे. क्रीडांगणातल्या त्या गर्दीत माझे वडील दोन्ही नात्यांनी बसलेले असू शकले असते.

सह्यवाट

मुलीला आज संध्याकाळी हा धागा वाचून दाखवला. गांधीजींनी शिक्षा मागितली होती, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने साडीचा रंग कोणता होता ते पुन्हा विचारले.